भिंत आधी, गोष्ट नंतर

तुरुंगावरचा सिनेमा काढायचा म्हटला की नायक कोण, गोष्ट काय, हे प्रश्न मागाहून येतात. आधी तुरुंग कुठून आणायचा ते ठरवावं लागतं. टोळीयुद्धाच्या सिनेमाला शहर आयतं मिळतं. दरोड्याच्या सिनेमाला एखादी पेढी आणि एक अरुंद गल्ली पुरते. तुरुंग मात्र सरकारचा, कुलूपबंद आणि माणसांनी भरलेला. आत कॅमेरा न्यायचा तर परवानगी लागते आणि परवानगी देणाऱ्याला आपलं खातं पडद्यावर कसं दिसेल याची धास्ती असते. परवानगी मिळाली नाही तर स्टुडिओत भिंती उभ्या करायच्या, नाहीतर ओस पडलेला एखादा जुना तुरुंग शोधायचा. यापैकी कोणती वाट पदरात पडते त्यावर मारामारी कशी दिसणार, कॅमेरा कुठे उभा राहणार, जेलर सज्जन निघणार की कसाई, हे बरंचसं ठरून जातं. या पुस्तकाने हाच धागा धरला आहे. परवानगीच्या अर्जापासून चित्रपटगृहाच्या दारापर्यंत तुरुंगपटाचा प्रवास मराठीत कुणी इतक्या चिकाटीने मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

मराठी वाचकाच्या मनातला तुरुंग थोडा वेगळा आहे, हे आधी सांगायला हवं. आपला तुरुंग लिहिणाऱ्यांचा. मंडालेत ‘गीतारहस्य’ झालं, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ झाली. येरवड्याचं नाव काढलं की करार आणि उपोषण आठवतं. या तुरुंगात जाणं ही अब्रूची गोष्ट होती. खून, दरोडा, अफूची ने-आण करून आत गेलेला माणूस आपल्या वाङ्मयात फारसा नाही. तो आपल्याला भेटला हिंदी पडद्यावर, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून खडी फोडताना. त्यामुळे या विषयाकडे ‘मारधाडीचा प्रकार’ म्हणून पाहून पुढे जाण्याची आपल्याला सवय लागली. या प्रकाराला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, त्यात घराणी आहेत, भांडणं आहेत, आणि काही अव्वल दर्जाची कामं आहेत.

सुरुवात अमेरिकेत, सिनेमाला वाचा फुटल्यावर लगेच. एमजीएमचा ‘द बिग हाउस’ १९३० चा. पटकथा फ्रान्सिस मॅरियन या बाईंची. लिहिण्यापूर्वी त्यांनी कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग प्रत्यक्ष पाहिला होता, आणि याच पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. लेखनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ध्वनीचंही ऑस्कर या चित्रपटाला मिळालं आणि ते रास्तच होतं. तुरुंग ही मुळात ऐकण्याची जागा. शेकडो बुटांचा एकसुरी आवाज, पत्र्याच्या थाळ्या, लोखंडी दार लोटल्यावर घुमणारा नाद. मूकपटाला हे जमणारं नव्हतं. भोजनगृहातला दंगा, नवखा कैदी, आतला दादा, कोठडीतली दोस्ती आणि दगा, हे सगळे साचे त्याच चित्रपटात पक्के झाले आणि आजतागायत चालू आहेत.

दोनच वर्षांनी वॉर्नर ब्रदर्सने दोन तुरुंगपट काढले, आणि परवानगीचा मुद्दा पटवून द्यायला ही जोडी पुरेशी आहे. ‘आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ हा रॉबर्ट बर्न्स या फरारी कैद्याच्या आत्मकथनावर बेतलेला. जॉर्जिया राज्यातल्या साखळदंडी टोळ्यांमधून हा माणूस दोनदा पळाला होता आणि चित्रपट आला तेव्हाही कायद्याच्या लेखी फरारीच होता. कंपनीने नावातून ‘जॉर्जिया’ गाळलं, तरी तिथल्या तुरुंग अधिकाऱ्यांनी दावे ठोकलेच. दुसरा ‘ट्वेंटी थाउजंड इयर्स इन सिंग सिंग’ हा त्या तुरुंगाचे अधीक्षक लुइस लॉज यांच्या पुस्तकावर उभा राहिला आणि लॉज यांनी त्याला सहकार्य केलं. पहिल्यात व्यवस्था माणसाला चिरडते. दुसऱ्यात अधीक्षक शहाणा आणि न्यायी आहे. एकच कंपनी, एकच काळ. एका गोष्टीचा मालक कैदी होता, दुसरीचा अधिकारी. (लॉज खरोखरच सुधारणावादी होते, फाशीच्या विरोधात होते, त्यामुळे त्या चित्रपटाला निव्वळ खुशामत म्हणता येणार नाही. पण पुढे ज्यांनी ज्यांनी ही युक्ती उचलली ते सगळे काही लॉज नव्हते.)

१९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि पळून गेलेला कैदी शेवटी पकडला जाणं किंवा मरणं सक्तीचं झालं. त्या चौकटीतही ज्यूल्स दासँचा ‘ब्रूट फोर्स’ (१९४७) इतका काळाकुट्ट निघाला की आजही पाहताना दचकायला होतं. पण माझ्या मते या प्रकाराचं खरं वळण १९५४ चं आहे आणि या पुस्तकातलं सर्वांत भरीव प्रकरणही त्याच चित्रपटावर आहे. तो ‘रायट इन सेल ब्लॉक ११’.

त्याची जन्मकथा त्याच्या पटकथेइतकीच रंगतदार आहे. निर्माता वॉल्टर वँगर हा हॉलिवूडमधला बडा माणूस. पत्नी, अभिनेत्री जोन बेनेट, हिच्या एजंटवर संशय घेऊन त्याने १९५१ च्या डिसेंबरात भर दिवसा गोळी झाडली. एजंट वाचला. वँगरला चार महिन्यांची सजा झाली. चार महिने म्हणजे काही जन्मठेप नव्हे, आणि तो होता तोही सौम्य समजला जाणारा तुरुंग. तरीही बाहेर आला तो संतापून. आतली गर्दी, वेडसर कैदी आणि साधे कैदी एकाच ठिकाणी कोंबणं, कामाचा अभाव, हे त्याला लोकांसमोर मांडायचं होतं. १९५२ मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगात मोठा दंगा झाला होता, इतरत्रही लोण पसरलं होतं, म्हणजे विषय ताजा होता. हातात पैसा मात्र बेताचा, आणि कंपनी अलाइड आर्टिस्ट्स, म्हणजे दुय्यम चित्रपटांची.

दिग्दर्शक डॉन सीगल. जागा कॅलिफोर्नियातला फॉल्सम तुरुंग, खराखुरा आणि चालू. चित्रीकरण सोळा दिवस. पडद्यावर मागे जे कैदी आणि पहारेकरी दिसतात त्यांतले कितीतरी तिथलेच कैदी आणि तिथलेच पहारेकरी. आता कल्पना करा, ज्यांना दंगा करू नये म्हणून कोंडून ठेवलं आहे त्यांनाच दंग्याचा अभिनय करायला सांगायचं. अधीक्षक सुरुवातीला राजी नव्हता. युनिटमधला एक पोरगेला साहाय्यक फ्रेस्नोच्या ओळखीच्या घराण्यातला निघाला म्हणून तो विरघळला, असं सांगतात. हा साहाय्यक म्हणजे सॅम पेकिन्पा. पुढे मारधाडीच्या सिनेमाचं व्याकरण बदलून टाकणारा हा माणूस या धंद्यात शिकाऊ म्हणून आला तो तुरुंगाच्या दारातून. दुसरी अडचण लिओ गॉर्डन या नटाची. त्याने सॅन क्वेंटिनमध्ये सशस्त्र लुटीबद्दल खरी सजा भोगली होती, त्यामुळे फॉल्समच्या अधिकाऱ्यांना तो आत नको होता. शेवटी आला, पण तपासण्यांच्या अटींवर. पडद्यावर त्याच्या नजरेत जे दिसतं ते कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

चित्रपटात प्रेमकथा नाही. कुणाच्या बालपणात डोकावणं नाही. सुटका नाही, पलायनही नाही. कैदी पहारेकऱ्यांना ओलीस धरतात, मागण्यांची यादी करतात, वार्ताहरांना बोलावतात. मागण्या वाचल्या तर लक्षात येतं की अधीक्षकाने स्वतःच वर्षानुवर्षे वरिष्ठांकडे त्याच मागितल्या आहेत. दंगा फत्ते होतो, सही होते, आणि मग विधिमंडळ हात झटकतं. म्होरक्याच्या वाट्याला वाढीव शिक्षेची टांगती तलवार. गुन्हेगारी सिनेमात विजय आणि पराभव यांची इतकी कडवट गाठ त्याआधी क्वचितच कुणी मारली असेल. पैसा नव्हता म्हणून सेट नव्हता, सेट नव्हता म्हणून खरी इमारत, आणि खरी इमारत होती म्हणून खोट्या गोष्टीला तिथे जागाच उरली नाही. मला या चित्रपटाबद्दल विशेष वाटतं ते हे.

पंचवीस वर्षांनी सीगल पुन्हा तुरुंगात शिरला, यावेळी क्लिंट ईस्टवुडला घेऊन. ‘एस्केप फ्रॉम अल्कट्राझ’ (१९७९). बेटावरचा तुरुंग १९६३ मध्ये बंद झालेला, गंज आणि पक्ष्यांच्या हवाली. डागडुजीवर सुमारे पाच लाख डॉलर गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोहून वीज आणायला मैलोगणती केबल टाकावी लागली. मधल्या काळात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी हे बेट एकोणीस महिने ताब्यात ठेवलं होतं. त्यांनी भिंतींवर रंगवलेल्या घोषणा पुसायच्या नाहीत, अशी अट होती. म्हणून वरून निघून जाईल असा रंग वापरला गेला. चालू तुरुंगात दंग्याची गोष्ट आणि रिकाम्या तुरुंगात पळून जाण्याची. रिकाम्या इमारतीत गर्दीचा भडका उडवणं खर्चाचं, पण एका माणसाच्या हातातला चमचा आणि भिंतीतली जाळी दाखवायला ती उत्तम.

हाताच्या कामाचं हे घराणं मूळ फ्रेंच. रोबेर ब्रेसाँने १९५६ मध्ये लिआँच्या माँल्यूक तुरुंगातून आंद्रे देविन्यी कसा निसटला ते दाखवलं. सल्लागार खुद्द देविन्यी आणि पडद्यावर सगळे नवखे चेहरे. झाक बेकरचा ‘ल त्रू’ (१९६०) त्याहून पुढे गेला. १९४७ मध्ये पॅरिसच्या ला साँते तुरुंगातून पळण्याचा जो प्रयत्न झाला त्यातला एक खरा माणूस, जाँ केरोदी, इथे आपलीच भूमिका करतो. तळघराकडे जाणारी फरशी फोडण्याचा एक शॉट मिनिटांमागून मिनिटं न तुटता चालतो. पार्श्वसंगीत नाही, फक्त घणाचे ठोके. बेकर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच वारला. या चित्रपटात एकही ठोसा लक्षात राहत नाही, तरी त्याच्याइतकी दमछाक करणारी ‘अ‍ॅक्शन’ मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तुरुंगपटातल्या अ‍ॅक्शनचं मर्म इथे कळतं. आत शस्त्र नसतं, जागा नसते, वेळ मात्र रग्गड असतो. म्हणून प्रत्येक वस्तू हत्यार होते आणि प्रत्येक हालचालीला किंमत पडते.

पूर्वेकडे हाच मालमसाला वेगळा शिजला. जपानमध्ये तोएई कंपनीने १९६५ मध्ये केन ताकाकुराला घेऊन ‘आबाशिरी तुरुंग’ काढला. होक्काइदोच्या बर्फात पळणारे, एकाच बेडीत अडकलेले दोन कैदी. तो इतका चालला की त्याची अठरा चित्रपटांची मालिका झाली. मूळ तुरुंगाच्या जुन्या इमारतींचं आता संग्रहालय आहे. हाँगकाँगमध्ये रिंगो लॅमच्या ‘प्रिझन ऑन फायर’ (१९८७) मधली मारामारी मुद्दाम बेढब आहे. कसरत नाही, कंपू आहेत, भीती आहे आणि शेवटी दात आहेत. याच्या उलट टोकाला ‘द रेड २’ (२०१४) मधली तुरुंगाच्या अंगणातली चिखलातली झुंज, प्रत्येक पाऊल आखलेलं. दोन्ही पाहावेत. मला लॅमचा बेढबपणा अधिक खरा वाटतो.

परवानगी मुळीच मिळाली नाही तर काय होतं, याचा नमुना ‘मिडनाइट एक्सप्रेस’ (१९७८). गोष्ट इस्तंबूलच्या तुरुंगाची, चित्रीकरण माल्टातल्या सेंट एल्मो किल्ल्यात. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोर नव्हते, त्यांना जाब देण्याचीही गरज नव्हती. परिणामी पडद्यावरचा तुर्की माणूस एकजात दुष्ट ठरला. पटकथाकार ऑलिव्हर स्टोनने २००४ मध्ये तुर्कस्तानात जाऊन त्याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे परवानगीने सिनेमा मिंधा होतो हे खरं असलं, तरी ती नसल्याने तो मोकाट सुटतो हेही तितकंच खरं.

गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या कामांवर लेखकांनी मन लावून लिहिलं आहे, म्हणून मी इथे नुसता उल्लेख करतो. साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात २ ऑक्टोबर १९९२ रोजी पोलिसांच्या कारवाईत १११ कैदी मेले. हेक्टर बाबेंको याने तो तुरुंग पाडण्याआधी तिथेच त्यावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण उरकलं. स्पेनच्या ‘सेल्दा २११’ने (२००९) सामोराचा ओसाड तुरुंग वापरला. झाक ओदियारने ‘अँ प्रोफेत’साठी (२००९) तुरुंग नव्याने बांधला, पण त्यात माणसं आणली ती खरोखर आत राहून आलेली. इंग्लंडचा ‘स्टार्ड अप’ (२०१३) लिहिणारा जोनाथन अ‍ॅसर तुरुंगात हिंसक कैद्यांबरोबर काम केलेला समुपदेशक.

आपल्याकडे वळताना गंमत अशी की, या प्रकारातलं आपलं सर्वांत नामांकित काम बिनभिंतींचं आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांनी बेडीशिवाय, पहाऱ्याशिवाय शेती करून राहायचं. औंधचे पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा हा उद्योग. आटपाडी-माडगुळे हा गदिमांचा मुलूख, आणि त्यांच्याच लेखणीतून ‘दो आँखें बारह हाथ’ उतरला. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तो काढला, नायकही तेच. बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. म्हणजे अहिंसेच्या या चित्रपटाने मारधाडीच्या चित्रपटाची किंमत मोजली. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. जगभर तुरुंगपट दार बंद होण्यापासून सुरू होत असताना आपला दार उघडण्यापासून सुरू झाला, आणि तोही सांगली जिल्ह्यातल्या खऱ्या प्रयोगावर.

ही वाट पुढे मळली नाही. बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ (१९६३) मोठा. त्याचा मूळ कादंबरीकार जरासंध हा स्वतः तुरुंग अधिकारी होता. पण १९७५ नंतर तुरुंग हा हिंदी सिनेमात येता-जाता थांबायचा मुक्काम झाला. ‘शोले’तला तुरुंग मुंबईत शांतारामांच्या राजकमल स्टुडिओजवळ उघड्यावर उभारला होता, बाकी चित्रपटातल्या उन्हाशी ऊन जुळावं म्हणून. शांतारामांच्या अंगणाशेजारी असरानींचा जेलर हिंडावा, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे ‘कालिया’, ‘कर्मा’, ‘खलनायक’ असा प्रवास झाला. दक्षिणेत कमल हासनचा ‘विरुमांडी’ (२००४) मात्र मन लावून पाहण्यासारखा. एकाच घटनेच्या दोन कैफियती तुरुंगातून सांगितल्या जातात, आणि सांगून होईतो तुरुंगच पेटतो.

राहिला प्रदर्शनाचा टप्पा, आणि तुरुंगपटाची दुसरी भिंत तिथेच असते. ‘शोले’चा शेवट आणीबाणीत सेन्सॉरच्या सांगण्यावरून बदलावा लागला. ठाकूरने गब्बरला मारायचं नाही, पोलिसांच्या हवाली करायचं. ‘खलनायक’ १९९३ च्या ऑगस्टात लागला तेव्हा त्याचा नट त्याच वर्षी खऱ्या खटल्यात अटक होऊन जामिनावर सुटलेला होता, आणि लोक पडद्यावर काय पाहत होते आणि वर्तमानपत्रातलं काय आठवत होते हे वेगळं करणं अवघड होतं. अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ तुरुंगपट नव्हे, पण त्याला थांबवण्यात आलं ते खटला अजून चालू आहे म्हणून. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींनी न्यायालयात धाव घेतली, आणि चित्रपट २००७ च्या फेब्रुवारीपर्यंत डब्यात राहिला. तिकीटबारीचं गणितही विचित्र. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ १९९४ मध्ये चित्रपटगृहात अक्षरशः आपटला आणि मग व्हिडिओ-टीव्हीवर घराघरांत पोचला. एस. क्रेग झालरचा ‘ब्रॉल इन सेल ब्लॉक ९९’ (२०१७) व्हेनिसला पहिल्यांदा दाखवला गेला आणि मोजक्या पडद्यांवर लागून घरच्या पडद्यावर गेला. आपल्याकडे २०२५ मध्ये तिहारवरची ‘ब्लॅक वॉरंट’ थेट मालिका म्हणून आली, आणि तिचा नायक कैदी नाही, नवखा जेलर आहे. लॉज यांची परंपरा अजून चालू आहे.

हे सगळं आत्ता का वाचायचं? आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. आपला पडद्यावरचा कैदी मात्र जवळपास नेहमी शिक्षा झालेला. त्याला आपल्या सुटकेची तारीख ठाऊक असते. म्हणून तो बेत आखू शकतो, सूड उगवू शकतो, बोगदा खणू शकतो. ज्याला फक्त ‘पुढची तारीख’ मिळते त्याची गोष्ट या साच्यात बसत नाही. पळण्याला अर्थ नाही, कारण उद्या जामीन होईल. थांबण्यालाही अर्थ नाही, कारण तो काही होत नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या जागी केंद्राने २०२३ मध्ये नमुना कायदा तयार करून राज्यांकडे धाडला. तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे कॅमेरा आत न्यायचा की नाही हेही प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. या बाबतीत पुस्तकाने परवानग्यांच्या अटींचा जो वेध घेतला आहे तो कोणत्याही होतकरू दिग्दर्शकाने खिशात ठेवावा असा आहे.

लेखकांशी माझा एक मतभेद नोंदवतो. त्यांना वाटतं, खऱ्या तुरुंगात चित्रित केलेला सिनेमा आपोआप अधिक प्रामाणिक होतो. ओदियारचा बांधलेला तुरुंग आणि मागे उल्लेख केलेली सौम्य अधीक्षकांची रांग पाहता मला ते तितकंसं पटत नाही. बायकांच्या तुरुंगावरचे चित्रपट त्यांनी दोनच पानांत आटोपले, हीही माझी तक्रार आहे. जपानी ‘स्कॉर्पियन’ मालिकेतली मेइको काजी एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाही.

वाचणाऱ्यांना एक सूचना. ‘रायट इन सेल ब्लॉक ११’वरचं प्रकरण आधी वाचा, चित्रपट नंतर बघा. मागची गर्दी कोणाची आहे हे माहीत असलं की प्रत्येक चेहरा थांबून पाहावासा वाटतो. ‘ल त्रू’च्या बाबतीत मात्र उलटं करा. लेखकांनी त्या प्रकरणाच्या तिसऱ्याच परिच्छेदात शेवट फोडून टाकला आहे, आणि मी किती सांगूनही तो त्यांनी हलवला नाही.